हप्ता चुकला की नेमका किती दंड लागतो? उताऱ्यावरच्या चार ओळींचा हिशोब

हप्ता पाच तारखेला आणि पगार सात तारखेला, हे गणित महाराष्ट्रातल्या हजारो घरांत दर महिन्याला जुळवलं जातं. एखाद्या महिन्यात ते चुकतं. मग मोबाइलवर मेसेज येतो, माणूस धावतपळत पैसे भरतो आणि विषय संपला असं समजतो. कर्जाचा उतारा, म्हणजे स्टेटमेंट, उघडायच्या भानगडीत कोणी पडत नाही. उघडला तरी 'ईएमआय रिटर्न', 'पीनल चार्जेस', 'ओव्हरड्यू इंटरेस्ट' अशा ओळी दिसतात आणि सगळ्यांचा मिळून अर्थ एकच लावला जातो: बँकेनं दंड लावला.

खरं तर या वेगवेगळ्या वसुल्या आहेत. प्रत्येकीचं कारण वेगळं, नियम वेगळा. रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये दंडाबद्दल जो नियम बदलला, त्याचा लगाम यातल्या एकीलाच बसला. बाकीच्या जशा होत्या तशाच आहेत. म्हणून भांडायला जाण्याआधी आपण कोणत्या ओळीबद्दल भांडतोय हे माहीत हवं.

चार ओळी, चार कारणं

समजा १०,००० रुपयांचा हप्ता आहे, कर्जाचा व्याजदर १२ टक्के. पाच तारखेला खात्यात पैसे नव्हते, तुम्ही पंधरा तारखेला भरले. दहा दिवसांचा उशीर झाला.

पहिली ओळ नेहमीच्या व्याजाची. तुम्ही १०,००० रुपये दहा दिवस जास्त वापरले, त्याचं १२ टक्क्यांनी व्याज. साधारण ३३ रुपये. हा दंड नव्हे, वापरलेल्या पैशांचं भाडं आहे. यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

दुसरी ओळ दंडाची. करारात महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के दंड लिहिलेला असेल तर दहा दिवसांचे साधारण ६६ रुपये.

तिसरी ओळ बाऊन्सची. बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं तुमच्या खात्यातून हप्ता ओढायचा प्रयत्न केला, तो परत आला, म्हणून तिनं लावलेलं शुल्क. समजा ५०० रुपये.

चौथी ओळ कर्जाच्या उताऱ्यावर नसतेच. ती तुमच्या बचत खात्याच्या पासबुकात असते. ज्या बँकेत पगार येतो तीही 'तुमच्या खात्यावर आलेली मागणी पुरे पैसे नसल्यानं परत गेली' म्हणून वेगळं शुल्क कापते. समजा ४०० रुपये.

बेरीज ९९९ रुपये. त्यात ज्याला आपण दंड म्हणून शिव्या घालतो तो ६६ रुपयांचा, आणि बाऊन्सचे दोन्हीकडचे मिळून ९००. आकडे संस्थेगणिक बदलतील, पण छोट्या उशिरात हप्त्याच्या कर्जाचं चित्र बहुधा असंच असतं. उशीर लांबला की मात्र ते उलटं होतं. ते का, हे समजायला जुनी पद्धत बघावी लागेल.

आधी काय चालायचं

पूर्वी याला दंड व्याज म्हणत. हप्ता चुकला की थकलेल्या रकमेवर नेहमीच्या दरात आणखी दोन, तीन, कुठे कुठे चोवीस टक्क्यांची भर पडे. म्हणजे दंड हा व्याजदराचाच भाग बनून जाई. आणि एकदा तो व्याज झाला की न भरलेलं व्याज जसं मुद्दलात मिसळतं तसा दंडही मिसळे. पुढच्या महिन्यात त्या दंडावर व्याज, शिवाय दंडावर दंड.

खाणावळीत हातून ग्लास फुटला तर मालकानं ग्लासाचे पैसे मागणं रास्त आहे. पण त्यानं ते पैसे महिन्याच्या डब्याच्या दरात घातले आणि पुढचे सगळे महिने त्या वाढीव दरानंच बिल लावलं तर? एका ग्लासाची किंमत किती वेळा वसूल झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. दंड व्याजाचं नेमकं हेच होत होतं.

यातला कायद्याचा भाग तर जुनाच आहे. सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २००१ मध्येच सांगितलं होतं की दंड व्याज मुद्दलात मिसळता येणार नाही आणि त्यावर पुन्हा व्याज मागता येणार नाही, ते सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. तरी दंड व्याजदरात मिळवायची रीत अनेक ठिकाणी चालूच राहिली. निकाल कितीही स्पष्ट असला तरी तो बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप उतरत नाही.

२०२३ मध्ये काय बदललं

१८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. त्याचा गाभा असा: दंड घ्या, पण शुल्क म्हणून घ्या, व्याजदरात मिळवू नका. त्या शुल्काचं भांडवल करायचं नाही, म्हणजे ते मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायचं नाही. दंडाचा हेतू कर्जदाराला शिस्त लावण्याचा आहे, तो कमाईचं साधन होऊ नये, हेही त्यात साफ म्हटलं आहे.

नियम आधी १ जानेवारी २०२४ पासून लागू व्हायचा होता, बँकांना तयारीला आणखी तीन महिने मिळाले. नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागला. जुन्या कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत नव्या पद्धतीत आणणं बंधनकारक होतं. त्यामुळे 'तुमचं कर्ज जुनं आहे, तुम्हाला जुनाच नियम' हे उत्तर आता चालत नाही.

आता आकडा बघा. तोच १०,००० चा एक हप्ता, १२ टक्के व्याज, महिना २ टक्के दंड, आणि तो हप्ता तसाच थकून राहिला. जुन्या पद्धतीत दोन्ही मिळून महिना ३ टक्के चक्रवाढ. वर्षानं रक्कम होते सुमारे १४,२५८. नव्या पद्धतीत नेहमीचं व्याज चक्रवाढीनं आणि दंड मूळ हप्त्यावर सरळ धरला तर सुमारे १३,६६८. फरक ५९० रुपये, म्हणजे फार काही नाही. पण तीन वर्षं जाऊ द्या. जुन्या पद्धतीत २८,९८३, नव्यात २१,५०८. फरक जवळपास साडेसात हजार, तोही एका हप्त्यामागे. ज्याचा उशीर दहा दिवसांचा, त्याला हा नियम फारसा जाणवणारही नाही. ज्याचं कर्ज वर्षानुवर्षं रखडलं, त्याच्यासाठी तो मोठा आहे.

"म्हणजे आता व्याजावर व्याज नाही ना?"

आहे. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. बंदी आहे ती दंडावर व्याज लावायला. थकलेल्या नेहमीच्या व्याजावर करारातल्या दरानं व्याज लावायला परिपत्रकानं हात लावलेला नाही. वरच्या हिशोबातल्या नव्या पद्धतीच्या २१,५०८ मध्येही ते आहे: त्यात दंड ७,२०० आणि चक्रवाढीनं व्याज ४,३०८.

"दंडाला काही कमाल मर्यादा?"

ठरावीक आकडा नाही. रिझर्व्ह बँकेनं म्हटलंय की दंड वाजवी हवा आणि चुकीच्या मानानं हवा. वाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळानं धोरण करून ठरवायचं. माझ्या मते नियमाची ही सगळ्यात कच्ची बाजू आहे. कारण दंड ठरवणारा आणि घेणारा एकच.

तरी तीन कुंपणं आहेत. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवरच लावता येतो, शिल्लक असलेल्या पूर्ण कर्जावर नाही. वीस लाखांचं कर्ज बाकी आहे आणि अठरा हजारांचा हप्ता चुकलाय, तर दंडाचा हिशोब अठरा हजारांवर. दुसरं, एकाच प्रकारच्या कर्जात माणूस बघून दंड बदलायचा नाही. तिसरं मला विशेष आवडलेलं: धंद्याशिवाय इतर कामासाठी कर्ज घेतलेल्या व्यक्तीला, तशाच चुकीसाठी कंपनीला लागतो त्यापेक्षा जास्त दंड लावता येत नाही. मोठा ग्राहक घासाघीस करून दंड कमी करून घेतो आणि पगारदाराच्या माथी पूर्ण दर बसतो, त्यावरचा हा उपाय.

दंडाचा दर करारात आणि मुख्य तथ्य पत्रकात लिहिलेला असणं सक्तीचं आहे. हे पत्रक म्हणजे कर्जाचे सगळे खर्च थोडक्यात मांडलेला कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना तो द्यावाच लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. वाचताना एका गोष्टीवर बोट ठेवा: '२ टक्के' पुढे महिना लिहिलंय की वर्ष. वर्षाला असेल तर आपल्या उदाहरणातला दंड ६६ नव्हे, साडेपाच रुपये होतो.

"एकच हप्ता मागे आहे, बाकी सगळे वेळेवर भरतोय"

दुचाकीच्या आणि वैयक्तिक कर्जांत हे सर्रास दिसतं. एक हप्ता चुकला. पुढच्या महिन्यापासून माणूस पुन्हा नियमित. त्याच्या डोक्यात हिशोब असा की एक हप्ता राहिलाय, तो शेवटी भरू.

पण बहुतेक ठिकाणी आलेले पैसे आधी सर्वांत जुन्या थकबाकीत जमा होतात. म्हणजे जूनला भरलेला हप्ता मेच्या नावावर लागतो आणि जूनचा थकीत राहतो. जुलैचा जूनला लागतो. तुम्ही दर महिन्याला तारखेवर पैसे भरताय आणि उताऱ्यावर प्रत्येक हप्ता महिनाभर उशिरा आलेला दिसतोय. १०,००० वर महिना २ टक्के म्हणजे दर महिन्याला २०० रुपये दंड. अठ्ठेचाळीस हप्ते बाकी असतील तर ९,६०० रुपये, आणि वर तो मूळचा राहिलेला हप्ता आहेच. सिबिलसारख्या संस्थांच्या अहवालातही महिन्यामागून महिना थकबाकीचे दिवस उमटत राहतात. घरकर्ज मागायला जाता तेव्हा ते दिसतं; सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर त्याच्याही अहवालात.

यातून सुटायचा मार्ग एकच: कधीतरी एका महिन्यात दोन हप्ते भरून साखळी तोडणं. दिवाळीचा बोनस यासाठी वापरणं जिवावर येतं हे मान्य, पण हिशोब तरी तसंच सांगतो. भरल्यावर उतारा मागवा आणि थकबाकी शून्य झाल्याची खात्री करा.

"दोन दिवसांनी कोणाचं काय बिघडतं?"

कर्जाच्या हप्त्याला सवलतीचे दिवस मिळतात हा समज बहुधा क्रेडिट कार्डावरून आलाय. कार्डाचे नियम वेगळे आहेत: तिथे उशिराचं शुल्क देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच लावता येतं, तेही भरायच्या राहिलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. कार्डाला २०२३ चं दंडाचं परिपत्रक लागू नाही आणि कर्जाला कार्डाचे तीन दिवस लागू नाहीत. कर्जाची देय तारीख गेली की त्याच दिवसअखेर खातं थकीत.

रविवार होता, बँक बंद होती, हेही कारण आता चालत नाही. हप्ते ओढणारी नॅच यंत्रणा, जिला अजून सगळे ईसीएसच म्हणतात, १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात असू द्या. पगाराची तारीख कायमचीच हप्त्यानंतर असेल तर देय तारीख बदलून द्या म्हणून अर्ज करा. बऱ्याच संस्था ते करतात, थोडं शुल्क घेतात, आणि एका बाऊन्सच्या खर्चापुढे ते परवडतं.

दोन दिवसांच्या उशिरानं कर्ज बुडीत ठरत नाही. त्याला थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे जावी लागते. पण तिथवर गेलेलं खातं एक हप्ता भरून सुधारत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. आणि हप्ता परत गेला की वसुलीवाला फोनवर 'जेलमध्ये जाल' म्हणतो ते? पुरेशा पैशांअभावी नॅच परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे, चेक न वटण्यासारखाच. पण त्याआधी लेखी नोटीस यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर तो खटला उभा राहत नाही. फोनवरची धमकी म्हणजे नोटीस नव्हे.

"पण चूक माझी नव्हतीच"

खात्यात पैसे असूनही हप्ता परत जातो, असं घडतं. बँकांच्या विलीनीकरणात खात्याचा तपशील बदललेला असतो, नॅचच्या परवानगीची मुदत संपलेली असते, सही जुळत नाही, नाहीतर यंत्रणाच अडकलेली असते. अशा वेळी आधी आपल्या बँकेकडून हप्ता परत जाण्याचं लेखी कारण घ्या आणि त्या दिवशीची शिल्लक दाखवणारा उतारा जोडा. पैसे पुरेसे नव्हते की तांत्रिक अडचण होती, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मग कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार विभागाला ईमेल. फोन नको, ईमेल. दंड कराराच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखांसाठी, एवढंच विचारा. दंड लावला की त्याचं कारण कर्जदाराला कळवणं, आणि आठवण करून देणाऱ्या मेसेजमध्येही लागू दंड सांगणं, हे परिपत्रकात आहे. तेव्हा 'सिस्टिमनं लावलाय' हे उत्तर होत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

दंडाच्या ओळीखाली अठरा टक्के जीएसटी दिसला तर तोही विचारा. दंड व्याज न राहता शुल्क झाल्यावर त्यावर कर लागणार का, हा गोंधळ वर्षभर होता. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं आणि मग २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानं तो मिटवला: या नियमाखालच्या दंडावर बँका आणि फायनान्स कंपन्यांनी जीएसटी लावायचा नाही.

पतसंस्था आणि दामदुप्पट

दंडाचा हा नियम लागू आहे तो व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांसकट सगळ्या फायनान्स कंपन्यांना. गावातली पतसंस्था यात येत नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कक्षेत आहे. तिथला दंड संस्थेचे नियम आणि तुमचा कर्जरोखा यावर ठरतो आणि तक्रार लोकपालाकडे नाही, सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जाते. नावात 'बँक' आहे की 'पतसंस्था', हे आधी पाहून घ्या.

'व्याज मुद्दलाच्या वर गेलं, आता दामदुप्पट लागणार' असंही बरेच जण म्हणतात. थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करायचं नाही, हा हिंदू कायद्यातला जुना संकेत आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो मानत आली. बँकेच्या कर्जात त्याच्या भरवशावर राहू नका. व्याजदर अवाजवी आहे म्हणून न्यायालयानं बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये, असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ अ सांगतं.

कर्ज फिटतानाची शेवटची ओळ

जुन्या बाऊन्सचे आणि दंडाचे न भरलेले पैसे बऱ्याचदा वर्षानुवर्षं उताऱ्याच्या तळाशी पडून राहतात. दंडावर व्याज चढत नाही, पण हे पैसे पुसलेही जात नाहीत. शेवटचा हप्ता भरून एनओसी मागायला गेल्यावर ते बाहेर येतात: 'सर, सात हजार चार्जेस पेंडिंग आहेत.' म्हणून शेवटच्या हप्त्याच्या दोन-तीन महिने आधीच कर्ज बंद करण्याचा हिशोब लेखी मागवा आणि दंडाच्या ओळी तारखांसह मागा. काही रक्कम माफ करायला शाखा किंवा कंपनी अनेकदा तयार होते, मात्र ती माफी ईमेलवर घ्या, तोंडी नको.

घर तारण ठेवलेलं असेल तर सगळे पैसे भरल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. उशीर संस्थेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिनं कर्जदाराला द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. ते तीस दिवस पूर्ण परतफेडीपासून मोजायचे असतात, तेव्हा शेवटची रक्कम भरल्याची पावती तारखेसकट जपून ठेवा.